शेवंती

शेवंती : (हिं. गुलदाउदी, लॅ. क्रिसँथेमम मोरिफोलियम; कुल – ॲस्टरेसी). सुमारे ३०–१५० सेंमी. उंचीची, बहुवर्षायू (अनेक वर्षे जगणारी) ओषधी (लहान, नरम वनस्पती). खोड तळाशी काष्ठमय. पाने एकाआड एक, खंडित, चुरगळल्यास उग्र वासाची. ज्याला आपण फूल म्हणतो ते वस्तुतः स्तबक (अनेक बारीक फुलांचा गुच्छ) असून त्यात कडेला स्त्रीलिंगी किरण-पुष्पके (पाकळीसारखी दिसणारी बारीक फुले) व मध्ये द्विलिंगी बिंब-पुष्पके (मधल्या चकतीतील बारीक फुले) असतात. भरगच्च प्रकारांत बहुतेक सर्व पुष्पके किरण-पुष्पकांसारखी झालेली असतात. मधली पिवळी चकती पाकळ्या बाजूला सारल्याशिवाय दिसत नाही, कधीकधी नसतेच.

मराठी नावाबद्दल थोडी सावधगिरी हवी. संस्कृत कोशांत ‘सेवती’ हा शब्द पांढऱ्या गुलाबासाठी दिलेला आढळतो आणि हिंदीतही सेवती म्हणजे गुलाबच. जुन्या ग्रंथात सेवती दिसली की ती शेवंतीच, असे धरून चालू नये.

मूळस्थान चीन, याबद्दल फारसा मतभेद नाही. काळाबद्दल मात्र आहे. इ. स. पू. पंधराव्या शतकापासून लागवड होत असल्याचे विधान अनेक पुस्तकांत सापडते, पण त्याला ठोस आधार दिलेला नसतो. प्राचीन चिनी ग्रंथांतील शरद ऋतूत फुलणाऱ्या पिवळ्या फुलाचे उल्लेख बहुधा रानटी जातीचे असावेत. चिनी कवी थाव युआन-मिंग (मृत्यू ४२७) याच्या काळी ती कुंपणाशी लावली जात होती, एवढे म्हणता येते. केवळ शेवंतीला वाहिलेला ल्यू मंग याचा ग्रंथ ११०४ मधला आहे. जपानमध्ये ती साधारणपणे आठव्या शतकाच्या सुमारास पोचली असे मानतात. यूरोपात हॉलंडमध्ये १६८९ च्या सुमारास तिचे वर्णन झाले होते, परंतु ती झाडे टिकली नाहीत. १७८९ मध्ये मार्सेचा व्यापारी प्येर ब्लांकार याने आणलेल्या तीन प्रकारांपैकी एक जांभळा तेवढा जगला. वनस्पतिसंग्राहक रॉबर्ट फॉर्च्यून याने १८४६ मध्ये चीनच्या चूसान बेटावरून पाठविलेल्या लहान फुलांच्या शेवंतीपासून पुढे पाँपॉन (लहान, गोंड्यासारख्या फुलांचे) प्रकार निघाले.

बागेतील शेवंती ही एका रानटी जातीची सुधारून केलेली आवृत्ती नव्हे. क्रिसँथेमम (क्रि.) इंडिकम व क्रि. व्हेस्टिटम या जातींचा संकर हा तिचा मुख्य पाया असावा, असे चिनी संशोधकांचे मत असून प्रत्यक्ष संकर करून मिळालेली झाडे त्याला बरीच पुष्टी देतात. इतर काही जातींचाही हातभार लागला असावा. मूळ गुणसूत्रसंख्या ९; बागेतील प्रकार बहुधा षड्‌गुणित (गुणसूत्रांचे सहा संच असलेले; २n = ५४), तरी त्याहून कमीजास्त संख्या असलेले प्रकारही पुष्कळ आहेत. त्यामुळे बियांपासून आईसारखे झाड मिळण्याची आशा धरू नये. शास्त्रीय नावाचाही घोळ झाला. १९६१ मध्ये रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्व्हेलेव्ह यांनी या गटाला डेंड्रँथीमा प्रजातीत (वंशात) हलविले. बागायतदारांच्या ते पचनी पडले नाही. अखेर १९९९ मध्ये क्रि. इंडिकम ही प्ररूप जाती (जिच्याशी प्रजातीचे नाव बांधलेले असते ती) ठरवून जुने नाव राखण्यात आले. व्यवहाराच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे.

लागवड व निगा : फुलोरा संपल्यावर खोडे जमिनीपासून १०–१५ सेंमी. ठेवून छाटतात. वरचा भाग वाळला तरी खालचा गड्डा जिवंत राहून काश्या (मुनवे) फेकतो. काटक प्रकार थंडीपेक्षा मुळाशी साचलेल्या पाण्याने जास्त मरतात. जमीन निचऱ्याचीच हवी. दोन-तीन वर्षांनी गड्ड्याचा मध्य काष्ठमय व पोकळ होतो. तो टाकून कडेच्या मुळे असलेल्या काश्या लावाव्यात, किंवा कोवळ्या शेंड्यांची ५–८ सेंमी. लांबीची छाट कलमे घ्यावीत. रोप १५–२० सेंमी. झाले की शेंडा खुडतात. मोठे एकच फूल हवे असल्यास बाजूच्या कळ्या काढतात.

शेवंती लघुदिवसी (दिवस लहान असताना फुलणारी) आहे. रात्री पुरेशा लांब झाल्याखेरीज कळी धरत नाही आणि मध्यरात्रीचा थोडा उजेडही तो हिशेब बिघडवतो. वाफ्याच्या एका टोकाशी रात्रभर दिवा असेल, तर त्या टोकाची झाडे नुसती पानांनी वाढतात आणि दूरची वेळेवर फुलतात. खत कमी पडले असा तर्क अशा वेळी हमखास केला जातो. काळे कापड व दिवे वापरून वर्षभर फुले घेण्याची पद्धत याच गुणावर उभी आहे. शेंडा खुडण्यास फार उशीर केल्यासही फुलोरा लांबतो.

रोग व किडी : पांढरा तांबेरा हा बुरशीजन्य रोग (पुक्सिनिया होरिॲना) सर्वांत त्रासदायक. पानाच्या वर फिकट खळगे व खाली गुलाबीसर-पांढरे फोड दिसतात. असे झाड उपटून जाळावे. शिरांच्या मधोमध कोनाकृती तपकिरी डाग पडून पाने खालून वर वाळत गेल्यास पर्णसूत्रकृमीची (पानात राहणाऱ्या सूक्ष्म कृमीची) शंका घ्यावी. तो ओल्या पानांवरून पसरतो, म्हणून पाणी बुंध्याशी द्यावे. मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो.

कीटकनाशक पायरेथ्रम ज्या झाडापासून मिळते ते पूर्वी याच प्रजातीत गणले जाई. आता ते टॅनॅसीटम प्रजातीत आहे.