डॉलर ज्या गावातून आला ते याखिमोव

डॉलर शब्द अमेरिकन नाहीये. तो चेक रिपब्लिकच्या पश्चिम टोकाला, जर्मनीच्या बॉर्डरला लागून असलेल्या याखिमोव नावाच्या एका गावातून आलाय, आणि आज त्या गावाची वस्ती जेमतेम दोन-अडीच हजार आहे.

क्रुश्ने होरी म्हणून डोंगररांग आहे, तिच्या एका अरुंद घळीत हे गाव लांबच लांब पसरलंय, म्हणजे मेन रस्ता चढत जातो आणि दोन्ही बाजूंना घरं. वर क्लिनोवेत्स शिखर, १२४४ मीटर. शेतीला जागाच नाही, थंडी कडाक्याची. इथे माणसं आली ती फक्त चांदीसाठी.

१५१६ मध्ये श्टेपान श्लिक या सरदाराने गाव वसवलं, जर्मन नाव सांक्ट योआखिमस्ताल, म्हणजे संत योआखिमची दरी. चार वर्षांत इथे चांदीची मोठी नाणी पडायला लागली, एका बाजूला संत योआखिम, दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा (म्हणजे आजच्या चेक रिपब्लिकचा पश्चिम भाग) सिंह. नाण्याला लोक योआखिमस्तालर म्हणायचे, एवढं लांब कोण बोलणार, मग नुसतं 'तालर' राहिलं, आणि तेच पुढे फिरत फिरत डॉलर झालं. 'ताल' म्हणजे दरी, म्हणजे डॉलरचा शब्दशः अर्थ 'दरीतला'! १५३० च्या दशकात इथे अठरा हजारांच्या आसपास लोक होते, बोहेमियात प्रागच्या खालोखाल. श्लिक मात्र १५२६ ला तुर्कांविरुद्धच्या, हंगेरीतल्या मोहाचच्या लढाईत मारला गेला आणि दोन वर्षांनी राजाने टांकसाळच त्याच्या घराण्याकडून काढून घेतली. खाणशास्त्राचा बाप मानला जाणारा अ‍ॅग्रिकोलाही त्याच काळात इथे गावचा डॉक्टर होता.

चांदी आटली तसं गावही आटलं. पण खाणीत एक काळा जड दगड सारखा लागायचा, खाणकामगार त्याला पेशब्लेंड म्हणायचे, कारण तो लागला की चांदी संपली असं समजायचं. जर्मनमध्ये 'पेश' म्हणजे डांबर, आणि फुटकं नशीबसुद्धा. नंतर कळलं की त्यात युरेनियम आहे, मग त्यापासून काच-चिनीमातीचे पिवळे-हिरवे रंग बनवायचा कारखाना निघाला, आणि रंग काढून उरलेला चोथा पाइनच्या जंगलात नेऊन ओतायचे. मेरी क्युरीने मागवला तो हाच चोथा. पॅरिसला पोती उघडली तर तपकिरी मातीत पाइनच्या सुया मिसळलेल्या, आणि त्या टनावारी मातीतून तिने रेडियम काढलं, चिमूटभर.

मग याखिमोवचा भावच वाढला. १९०६ पासून रेडॉनच्या (रेडियमपासून निघणारा किरणोत्सारी वायू) पाण्याची स्नानं, १९१२ ला चक्क 'रेडियम पॅलेस' नावाचं आलिशान हॉटेल. हे पाणी अजूनही १५१८ च्या स्वोर्नोस्त खाणीतून येतं आणि लोक सांधेदुखीसाठी त्यात वीस-वीस मिनिटं बसतात. गंमत म्हणजे त्याच खाणींतले कामगार पिढ्यान् पिढ्या फुप्फुसाच्या आजाराने मरत होते.

सगळ्यात काळा काळ मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा. जर्मन बोलणारे रहिवासी हाकलून दिले गेले, सोव्हिएत युनियनला अणुबॉम्बसाठी युरेनियम हवं होतं, आणि नोव्हेंबर १९४५ च्या कराराने इथलं युरेनियम तिकडे जायला लागलं. आधी युद्धकैदी राबवले, १९४९ पासून कम्युनिस्ट सरकारने स्वतःचेच राजकीय कैदी पाठवले, त्यात शेतकरी, पाद्री, स्काऊटवाले, अगदी राष्ट्रीय आइस हॉकी टीमचे खेळाडूसुद्धा. छावण्यांची नावं बघा: स्वोर्नोस्त, रोव्नोस्त, ब्रात्र्स्त्वी. म्हणजे एकोपा, समता, बंधुता!! निकोलाय छावणीत तर कैद्यांच्या सगळ्या घोळक्याला एकत्र दाबून भोवती लोखंडी दोर आवळायचे आणि तसंच खाणीपर्यंत चालवत न्यायचे. जवळच्या ओस्त्रोवमध्ये खनिज दळून पिंपात भरायचा लाल विटांचा टॉवर अजून उभा आहे, त्याला मृत्यूचा मनोरा म्हणतात.

युरेनियमची खोदाई १९६० च्या दशकात थांबली. २०१९ ला हा सगळा खाणपट्टा युनेस्कोच्या यादीत आला. आता लोक क्लिनोवेत्सवर स्कीइंगला जाता जाता या गावातून जातात, रस्त्याच्या कडेला बरीच घरं पडीक दिसतात, आणि खाली स्वोर्नोस्तमध्ये पंप चालूच असतात.