हॅम सॅटेलाईटसाठी स्वस्तातला अँटेना: गेन राहू द्या, आधी मनगट फिरवा

हॅम रेडिओवरून, म्हणजे हौशी लोकांच्या रेडिओवरून, उपग्रहामार्फत बोलता येतं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, डिश केवढी लागते? अहो, डिश लागतच नाही. म्हणजे क्यूओ-१०० सारखा भूस्थिर उपग्रह असेल तर लागते, तो ३६ हजार किलोमीटरवर आहे आणि १० गिगाहर्ट्झवर ऐकावा लागतो. पण बाकी बरेचसे हॅम उपग्रह ४०० ते १५०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, मधे ना डोंगर ना भिंत, त्यामुळे २००२ मध्ये सोडलेल्या एसओ-५० चा जेमतेम पाव वॅटचा ट्रान्समीटरसुद्धा हातात धरलेल्या यागीवर ऐकू येतो.

यागी म्हणजे पूर्वी छपरांवर टीव्हीसाठी असायचा तो काड्या-काड्यांचा अँटेना, यागी आणि उदा या जपानी संशोधकांनी १९२६ मध्ये जगापुढे आणलेला. केबल एकाच काडीला जोडायची, तिच्या मागे थोडी लांब काडी, पुढे थोड्या आखूड. लांबी साधारण अर्ध्या तरंगलांबीएवढी, म्हणजे हॅम उपग्रहांच्या दोन नेहमीच्या बँडपैकी १४५ मेगाहर्ट्झला मीटरभर आणि ४३५ ला ३४ सेंटिमीटर. पीव्हीसी पाईप आणि स्टीलच्या मेजरिंग टेपचे तुकडे घेतले तरी काम भागतं, फक्त केबल जोडायची तिथला टेपचा रंग सँडपेपरने पार चकाकेपर्यंत घासा, नाहीतर सोल्डर नुसता गोळा होऊन घरंगळतो. शिवाय टेप दारातून जाताना वाकते आणि परत सरळ होते, ही सोय महागातल्या अँटेनात नाही. विकतच घ्यायचा असेल तर अॅरो नाहीतर एल्क, दोन्ही हातात धरायचे, दोन्ही चांगले.

आता खरी गंमत. रेडिओलहरीतलं विद्युतक्षेत्र एका ठराविक दिशेत हलतं, त्याला ध्रुवीकरण म्हणतात, आणि तुमच्या काड्या त्याच दिशेत असल्या तर पूर्ण सिग्नल मिळतो. कोन ४५ अंश झाला की निम्मा, ८० अंशांना ३ टक्के, आणि काटकोनात गणिताने शून्य, प्रत्यक्षात साधारण शंभरावा हिस्सा किंवा त्याहून कमी. पोलराइज्ड गॉगल घालून मोबाईलचा स्क्रीन फिरवून बघा, एका कोनात काळा होईल, तोच प्रकार. उपग्रह स्वतःभोवती फिरत असतो म्हणून ही दिशा सतत बदलते, वर आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित थर, ती आणखी पिळतं (फॅराडे परिणाम, तो तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो म्हणून ४३५ ला १४५ च्या एक नवमांश). ऐकताना आवाज मधेच खरखरीत बुडतो, लोकांना वाटतं उपग्रह गेला, गेला कुठे, यागी दांड्याभोवती पाव वळसा फिरवा, लख्ख परत येतो. छपरावरच्या मोटरवाल्या सेटअपला अँटेना वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा करून हे सांभाळावं लागतं, तुमचं मनगट ते फुकटात करतं.

वर्तुळाकार हवंच असेल तर दोन यागी काटकोनात बसवून एकीचा सिग्नल पाव तरंग उशिरा द्यायचा. ४३७ मेगाहर्ट्झला पाव तरंग १७.२ सेंटिमीटर, पण साध्या कोअॅक्समध्ये लहर ०.६६ पट वेगाने जाते म्हणून केबल ११.३ सेंटिमीटरच जास्त ठेवायची, आणि यागीचा विद्युत अडथळा केबलच्या ५० ओहमशी जुळावा लागतो, पण ५० ओहमच्या दोन यागी समांतर जोडल्या की २५ होतात, म्हणून प्रत्येकीला ७५ ओहमचा पाव तरंग तुकडा लावून आधी ११२ करायचे, मग समांतर ५६, ते चालतं. इतकं करून साध्या सरळ ध्रुवीकरणाच्या सिग्नलवर ३ डीबी (डेसिबल), म्हणजे निम्मा सिग्नल, कायमचे सोडायचेच. सुरुवातीला नका या भानगडीत पडू.

जाहिरातीतल्या '२५ डीबी गेन'लाही भुलू नका. अँटेना पॉवर तयार करत नाही, आहे ती एका दिशेला वळवतो, तोच गेन, हातभर यागीला १० डीबीच्या आसपास, म्हणजे दहापट, मिळालं तरी खूप. मोबाईलला चिकटवायची 'रेडिएशन शोषणारी' चकतीही याच जातीची, ती खरंच शोषत असती तर फोनने सिग्नल टिकवायला पॉवर उलट वाढवली असती.

एक अडचण मात्र खरी आहे. १४५.८५० मेगाहर्ट्झला बोलता तेव्हा त्याची तिप्पट ४३७.५५० होते, म्हणजे ऐकायच्या बँडमध्येच, आणि तुमचाच ट्रान्समीटर तुमचा रिसीव्हर बधिर करतो. मधे डायप्लेक्सर, म्हणजे दोन बँड वेगळे करणारा फिल्टर, लावा किंवा दोन बँडच्या काड्या काटकोनात ठेवा. अर्थात बोलायला लायसन्स हवंच, म्हणून आधी नुसतं ऐका. अंतराळ स्थानकाचा रिपीटर (ऐकलेलं लगेच परत प्रसारित करणारा रेडिओ) चालू असेल तेव्हा ४३७.८०० वर मिळतो, पण डॉप्लरमुळे, म्हणजे जवळ येताना फ्रिक्वेन्सी चढते आणि लांब जाताना उतरते म्हणून, उगवताना ४३७.८१० वर शोधा, डोक्यावर आला की ४३७.८००, आणि मावळताना ४३७.७९० पर्यंत खाली या, हे सगळं दहाएक मिनिटांत, एका हाताने बटण आणि दुसऱ्याने यागी.