पंचवटीतलं लक्ष्मणफळ

गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो तेव्हा मेथी-कोथिंबिरीच्या ढिगांच्या कडेला एखादी टोपली वेगळीच दिसते. यंदा तशा एका टोपलीत हिरवी, काटेरी, वेडीवाकडी फळं होती. लांबून कोवळा फणसच वाटावा.

"काय आहे मावशी?"

"लक्ष्मणफळ. कॅन्सरवर चालतं, न्या एक."

"तुम्ही खाता?"

"मला नाही बाई आवडत, आंबट लागतं."

घरी आणून दोन दिवस ठेवलं. बोटाने दाबलं की खड्डा पडू लागला तेव्हा कापलं. आत ओल्या कापसासारखा पांढरा गर, त्यात चिवट दोरे आणि काळ्या गुळगुळीत बिया. वास अननसाच्या जवळ जाणारा. चव आंबटगोड, जिभेवर थोडी दह्यासारखी रेंगाळणारी. सीताफळाचा भाऊ म्हणावा तर गोडवा कुठेच त्याच्यासारखा नाही.

भाऊ मात्र खराच आहे. सीताफळ, रामफळ आणि हे लक्ष्मणफळ तिन्ही अ‍ॅनोना या एकाच वंशातली झाडं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1753 साली याला अ‍ॅनोना म्युरिकाटा असं नाव दिलं. म्युरिकाटा म्हणजे काटेरी. हनुमानफळही याच कुटुंबात येतं, पण तिथे बाजाराचा गोंधळ आहे: एका गावात ज्याला लक्ष्मणफळ म्हणतात त्यालाच दुसऱ्या गावात हनुमानफळ म्हणतात. दिल्लीकडे तर सीताफळ मागितलं की भोपळा मिळतो.

नाशिककराला ही नावं ऐकून आश्चर्य वाटत नाही. सीतागुंफा इथे, काळाराम इथे, शूर्पणखेचं नाक लक्ष्मणाने कापलं ते तपोवनही इथेच. अख्खं वनवासी कुटुंब फळांच्या टोपलीत बसलेलं पाहून कुणालाही वाटेल की ही झाडं त्रेतायुगापासून दंडकारण्यात उभी आहेत. प्रत्यक्षात लक्ष्मणफळाचं माहेर वेस्ट इंडिज बेटं आणि अमेरिकेचा उष्ण प्रदेश. ओव्हिएदो या स्पॅनिश लेखकाने 1526 सालीच तिथल्या या फळाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. पुढे स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांबरोबर ही फळमंडळी आशियात पसरली. डचांनी याला 'आंबट पिशवी' अशा अर्थाचं नाव दिलं, तेच इंडोनेशियात 'सिरसाक' झालं. आपल्याकडे जंगलात, डोंगरउतारावर आपोआप वाढणारं सीताफळ बघून लोकांना वनवास आठवला असावा, आणि एक नाव रुजल्यावर बाकीचे नातेवाईक मागून आले, असा माझा अंदाज.

सीताफळाचं परकेपण सगळ्यांनाच मान्य होतं असं नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांना मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या प्राचीन बौद्ध स्तूपावरच्या शिल्पांत सीताफळ दिसलं आणि त्यावरून बराच वाद झाला. दगडातलं खवल्याखवल्यांचं फळ नेमकं कोणतं हे ठरवणं सोपं नसतं. 2009 मध्ये उत्तर प्रदेशातल्या टोकवा येथील उत्खननात सापडलेली जळकी बी सीताफळाची आणि कोलंबसाच्या फार आधीची असल्याचा दावा झाला. तरीही वनस्पतिशास्त्रज्ञ या वंशाचं मूळ अमेरिकेतच मानतात. यात कुणी कमीपणा मानू नये; नाशिकच्या मिसळीतून अमेरिकेहून आलेली मिरची, बटाटा आणि टोमॅटो काढून टाकले तर उरेल ते मटकीचं बेचव पाणी.

आता मावशींच्या कॅन्सरकडे. हा दावा त्यांनी रचलेला नाही. तो प्रयोगशाळेतून निघून मोबाईलवर फिरत फिरत घाटापर्यंत आला. 1982 मध्ये याच कुळातल्या एका आफ्रिकी झाडात अ‍ॅसिटोजेनिन नावाच्या रसायनांपैकी पहिलं सापडलं. ही रसायनं पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा अडवतात. मग अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले संशोधक या कुळाच्या मागे लागले. 1996 च्या त्यांच्या एका निबंधात लक्ष्मणफळातलं एक रसायन आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर अ‍ॅड्रियामायसिन या केमोच्या औषधापेक्षा 10,000 पट प्रभावी ठरल्याची नोंद आहे. मोबाईलवरच्या फॉरवर्डमधला 'केमोपेक्षा दहा हजार पट' तो हाच. फॉरवर्डमधून दोन गोष्टी गळाल्या: प्रयोग काचेच्या भांड्यातल्या पेशींवर होता, आणि ते रसायन बियांतून काढलेलं होतं, ज्या आपण थुंकून टाकतो. माणसांवरच्या चाचण्यांतून या फळाने कॅन्सर बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. उपचार थांबवून कुणी पानांचा काढा पीत असेल तर त्याला घरच्यांनी सरळ अडवावं.

दुसरी बाजू तर फॉरवर्डमध्ये येतच नाही. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या, पार्किन्सनसारख्या आजाराचे रुग्ण जास्त दिसले. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने त्याचा संबंध या कुळातली फळं आणि पानांचा काढा नेमाने घेण्याशी जोडला. पुढे या फळातलं अ‍ॅनोनासिन हे रसायन उंदरांना टोचल्यावर मेंदूतल्या पेशींचं नुकसान दिसलं. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2010 मध्ये सांगितलं की फळामुळेच आजार होतो असं म्हणायला पुरावा पुरेसा नाही. म्हणजे हौसेने एखादं फळ खाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही, पण रोज सकाळी पानांचा चहा ही निराळी गोष्ट. बियांबद्दल तर खेड्यातल्या आज्या आधीपासून सावध होत्या: सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी केसांना लावतात, पण ती डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. लक्ष्मणफळाच्याही बिया मिक्सरमध्ये जाऊ देऊ नयेत.

मग उरतं ते साधं फळ. 100 ग्रॅम गरात साधारण 66 कॅलरी, 3 ग्रॅमच्या वर तंतू, 20 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व, थोडं पोटॅशियम. वाईट नाही, पण त्याच बाजारात शेजारच्या पाटीतल्या पेरूत क जीवनसत्त्व याच्या दहापट, आणि भावही कमी.

नाशिकच्या मळ्यांत हे झाड फारसं का दिसत नाही, याचं उत्तर निफाडच्या थंडीत आहे. तिथे पारा इतका उतरतो की द्राक्षबागा वाचवायला शेतकरी रात्री शेकोट्या पेटवतात. लक्ष्मणफळाला तेवढी थंडी सोसत नाही. त्याला हवी कोकण, गोवा, केरळची दमट ऊब. केरळात तर ते कित्येक परसांत असतं. मावशींच्या टोपलीतलं फळही तिकडूनच कुठूनतरी आलेलं असावं. मी चार बिया कुंडीत लावल्या आहेत, डिसेंबरात कुंडी घरात घ्यायची असं ठरवून.