ॲलिसीन

ॲलिसीन हे ठेचलेल्या लसणात तयार होणारे गंधकयुक्त संयुग. लसणाचा उग्र वास आणि कच्ची पाकळी चावल्यावर जिभेला बसणारा चटका मुख्यतः त्याचाच. मात्र अख्ख्या पाकळीत ते जवळजवळ नसतेच. सोललेली पाकळी नाकाशी धरली तर वास बेताचाच येतो. तीच खलबत्त्यात ठेचली की घरभर दरवळ सुटतो. लसणाचे गुण सांगताना नेमकी ही ठेचण्याची गोष्ट बहुतेकदा राहून जाते.

पाकळीतल्या काही पेशींत ॲलिइन हे बिनवासाचे संयुग असते, तर शेजारच्या वेगळ्या पेशींत ॲलिइनेज हे विकर (एन्झाइम), म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. पेशी फुटल्या की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि मिनिटाभराच्या आत ॲलिसीन बनते. कीड किंवा बुरशी पाकळीत शिरली तर तिला तिथेच अडवण्याची ही वनस्पतीची सोय आहे. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येते तेही अशाच व्यवस्थेमुळे. तिथे तयार होणारे संयुग तेवढे निराळे. ॲलिसीन फार काळ टिकत नाही. त्याचे डायअलिल डायसल्फाइडसारख्या संयुगांत रूपांतर होते, आणि तेलात अजोइन हे आणखी एक संयुगही तयार होते.

१९४४ साली अमेरिकेत चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन हेज बेली यांनी ॲलिसीन वेगळे काढले आणि ते जिवाणूंची वाढ रोखते असे दाखवले. पुढे आर्थर श्टोल आणि एवाल्ड झेबेक यांनी स्वित्झर्लंडमध्ये त्याचे मूळ, म्हणजे ॲलिइन, शोधले.

ॲलिइनेज हे विकर उष्णतेपुढे टिकत नाही. त्यामुळे अख्खी पाकळी कढत तेलात टाकली तर फोडणी खमंग होते, पण ॲलिसीन बनायची संधीच जाते. लसूण ठेचून दहाएक मिनिटे तसाच ठेवला आणि मग फोडणीत घातला, तर त्याचे गुण काही प्रमाणात शिल्लक राहतात. सुक्या खोबऱ्याबरोबर कच्चा लसूण कुटून केलेली चटणी या दृष्टीने सरस. सकाळी उपाशीपोटी पाकळी पाण्याबरोबर अख्खी गिळण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तिचा उपयोग थोडा, कारण जठरातल्या आम्लात ॲलिइनेज निकामी होते. पाकळी चावूनच खायला हवी.

आयुर्वेदात लसणाला ‘रसोन’ म्हणतात: सहा रसांपैकी आम्ल तेवढा उणा, म्हणून हे नाव. औषध म्हणून असा मान, आणि तरीही चातुर्मासात अनेक घरांतून तो कांद्यासोबत वर्ज्य!

आधुनिक चाचण्यांतून दिसणारे चित्र संमिश्र आहे. उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये लसणाच्या पूरकांनी दाब थोडा उतरल्याचे अनेक चाचण्यांत आढळले. डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करावी इतका मात्र नाही. कोलेस्टेरॉलबाबत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली स्टॅनफर्ड विद्यापीठाची चाचणी महत्त्वाची. वाईट कोलेस्टेरॉल मध्यम वाढलेल्या १९२ प्रौढांपैकी काहींना कच्चा लसूण, काहींना लसणाच्या गोळ्या आणि काहींना औषधविरहित गोळ्या सहा महिने दिल्या, पण कोणत्याही गटात कोलेस्टेरॉलमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत जिवाणू मरतात म्हणून लसूण प्रतिजैविकाची जागा घेतो असेही नाही, कारण खाल्लेले ॲलिसीन मूळ रूपात रक्तात पोहोचत नाही. त्याच्यापासून बनणारे अलिल मिथाइल सल्फाइड मात्र रक्तातून फुप्फुसांत जाते. म्हणूनच दात घासले तरी तोंडाचा वास तासन्‌तास जात नाही.

लसणातली गंधकयुक्त संयुगे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या रक्तबिंबिका (प्लेटलेट) एकमेकींना चिकटण्यात अडथळा आणतात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी लसणाच्या गोळ्या घेत असल्यास डॉक्टरांना सांगावे. जेवणातल्या लसणाची धास्ती नको. ठेचलेला लसूण कातडीवर बांधून ठेवण्याचा घरगुती उपाय मात्र टाळावा. त्याने भाजल्यासारखे फोड येतात, आणि लहान मुलांची त्वचा तर फारच नाजूक.

दुसरा धोका तेलात बुडवून ठेवलेल्या कच्च्या लसणाचा. लसूण जिवाणूंना मारतो या भरवशावर तो बाहेरच ठेवला जातो; पण तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि तिथे बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जिवाणू वाढून विष तयार करू शकतात. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये अशा, फ्रिजबाहेर ठेवलेल्या लसणामुळे ३६ जणांना विषबाधा झाली होती. घरी केलेले असे तेल फ्रिजमध्येच ठेवावे आणि दोन-चार दिवसांत संपवावे.