‘दुःखगीतांची सिम्फनी’: आधी नावं ठेवली, मग डोक्यावर घेतली

पोलिश कम्पोझर हेन्रिक गुरेत्स्की हे नाव ज्यांना माहीत असतं त्यांना ते बहुतेक वेळा एकाच सीडीमुळे माहीत असतं. त्यांची तिसरी सिम्फनी, म्हणजेच ‘दुःखगीतांची सिम्फनी’, डॉन अपशॉचा आवाज, डेव्हिड झिनमन कंडक्टर, लंडन सिन्फोनिएटा हा ऑर्केस्ट्रा, नॉनसच या रेकॉर्ड कंपनीनं १९९२ मधे काढलेली. (स्पेलिंग बघून बरेचजण गोरेकी म्हणतात, पण पोलिशमधे त्या ओच्या डोक्यावर रेघ आहे म्हणून उच्चार उ होतो.) सीडी इतकी गाजली की हे म्युझिक त्याच वर्षी लिहिलं गेलं असंच कित्येकांना वाटतं. पण लिहिलं ते १९७६ च्या शेवटी, पहिल्यांदा वाजलं एप्रिल १९७७ मधे, आणि तेव्हा जाणकारांनी त्याची पार सालटी काढली होती. मधल्या पंधरा वर्षांत त्यातला एक स्वरही बदललेला नाही. मग नेमकं काय झालं, हे मागून पुढे बघितल्याशिवाय कळत नाही.

तर मागे जाऊ. गुरेत्स्की १९३३ चे, दक्षिण पोलंडमधल्या सायलेशियातले, म्हणजे कोळशाच्या खाणींचा मुलूख. दोन वर्षांचे असताना आई गेली, तेही त्यांच्या वाढदिवसाच्याच दिवशी. लहानपण आजारपणात गेलं, काही काळ शाळामास्तर होते, मग कातोवित्सेला शाबेल्स्कींकडे कम्पोझिशन शिकले. त्यांचं शिक्षण चालू असतानाच पोलंडमधली हवा बदलली. स्टालिन गेल्यावर कलेवरचा सरकारी फास थोडा सैल झाला आणि १९५६ मधे ‘वॉर्सा ऑटम’ फेस्टिवल सुरू झाला, जिथे पूर्व युरोपात बसून पश्चिमेतलं अगदी नवं, अगदी धाडसी म्युझिक ऐकायला मिळायचं. १९६० च्या फेस्टिवलला गुरेत्स्कींचं ‘स्कोंत्री’ वाजलं, नावाचा अर्थच टकरी, आणि खरोखर आवाजाचे ढीगच्या ढीग एकमेकांवर आदळतात त्यात. एकदम खळबळ. दुसरे पोलिश कम्पोझर पेंदेरेत्स्की त्यांच्याच वयाचे, दोघंही तेव्हा ऐन पंचविशी ओलांडलेले, आणि पश्चिमेतले क्रिटिक या पोलिश पोरांवर जाम खूश होते. हे लक्षात ठेवायला पाहिजे, कारण पुढचा राग या कौतुकातूनच आलाय.

कारण साठच्या दशकातच त्यांचा सूर बदलायला लागला होता. १९६५ चं ‘रिफ्रेन’ घ्या, मोजके स्वर, प्रचंड संथ. मग जुन्या पोलिश चर्चमधल्या चाली यायला लागल्या. १९७२ ची दुसरी सिम्फनी कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीसाठी लिहिलेली, ती सुरू होते दणदणाटात आणि संपते एकदम निवांत, सुरेल कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर). म्हणजे खुणा सगळ्या समोर होत्या. माझं तर स्पष्ट मत आहे की ज्यांना १९७७ मधे धक्का बसला त्यांनी मधली बारा वर्षं नीट ऐकलीच नव्हती, ते ‘स्कोंत्री’वाल्या गुरेत्स्कींची वाट बघत बसले होते.

आता ती सिम्फनी. तीन मूव्हमेंट म्हणजे भाग, तिन्ही संथ, जवळपास ५५ मिनिटं, एक सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी बाई, आणि ऑर्केस्ट्रा. पहिलीच अर्ध्या तासाच्या आसपास जाते. सुरुवात डबल बेसवर, इतकी खालून आणि इतकी हळू की वाजायला लागलंय हे कळायलाच वेळ लागतो, मग तीच चाल एकेक तंतुवाद्य उचलत जातं, थरावर थर चढत जातात, आणि अगदी मधोमध सगळं थांबून ती बाई गाते, पंधराव्या शतकातला मेरीचा, म्हणजे येशूच्या आईचा, विलाप. नंतर ते सगळं परत तसंच उतरत उतरत बेसपर्यंत जातं. विलंबित ऐकायची ज्यांना सवय आहे त्यांना हा वेग परका वाटणार नाही, मला तरी पहिल्यापासून आपलासा वाटला.

दुसऱ्या मूव्हमेंटचे शब्द पोलंडमधल्या झाकोपाने इथल्या गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कोठडीच्या भिंतीवरचे आहेत, १९४४ मधे अठरा वर्षांच्या एका कैदी मुलीनं खरडलेले. आई, रडू नकोस, एवढंच ती सांगते आणि मेरीला हाक मारते. गुरेत्स्कींना नेमकं हेच भिडलं होतं की ती स्वतःसाठी ओरडत नाही, सूड मागत नाही, तिला आईची काळजी आहे. तिसऱ्यात एक लोकगीत, लढाईत मारल्या गेलेल्या मुलाला शोधणारी आई. म्हणजे तिन्हीकडे आई आणि लेकरू आणि ताटातूट. आईविना वाढलेल्या माणसानं हे लिहिलंय, हे मला ऐकताना विसरता येत नाही.

हे पहिल्यांदा वाजलं फ्रान्समधे रुआयाँच्या फेस्टिवलला, ४ एप्रिल १९७७. स्तेफानिया वॉयतोविच गायल्या, कंडक्टर एर्नेस्ट बूर, ऑर्डर जर्मन रेडिओची. रुआयाँ म्हणजे नव्या, कठीण म्युझिकचा अड्डा. तिथे सरळ सुरेल कॉर्ड वाजवणं म्हणजे पाप केल्यासारखं. शेवटी ए मेजर कॉर्ड परत परत परत येतो, तेव्हा बाजूला बसलेल्या एका नामवंत फ्रेंच संगीतकाराच्या तोंडून शिवी गेली, असं गुरेत्स्कींनीच नंतर सांगितलं. जर्मन क्रिटिकनी लिहिलं ते त्याहून वाईट. तीन जुन्या चाली तासभर ओढल्या, बाकी काही नाही, असा सूर. पोलंडमधे त्याच वर्षी वॉर्सा ऑटमला वाजली तेव्हा मतं विभागली गेली, पण निदान तिथे काहींना तरी हे मोठं काम आहे हे जाणवलं. तिथल्या लोकांना ते शब्द कळत होते आणि ती चर्चची गाणी घरातली होती, हा फरक छोटा नाही.

नंतरची वर्षं शांत. तसं अगदीच दुर्लक्ष नाही, रेकॉर्ड निघाल्या, १९८५ मधे मोरिस पियाला या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘पोलीस’ सिनेमात तुकडा वापरला गेला. इकडे गुरेत्स्कींचं सरकारशी फाटलं होतं, पोपना कातोवित्सेला येऊ देत नाहीत म्हणून १९७९ मधे त्यांनी तिथल्या संगीत अकादमीचं रेक्टरपद सोडलं. १९८१ मधे लिहिलेलं त्यांचं ‘मिसेरेरे’ स्टेजवर यायला १९८७ उजाडलं.

आणि मग १९९२. सप्टेंबरमधे ब्रिटनमधे क्लासिक एफएम नावाचं नवं रेडिओ स्टेशन सुरू झालं आणि त्यांनी दुसरी मूव्हमेंट सारखी लावायला सुरुवात केली. लोक गाडी चालवता चालवता ऐकायचे आणि हे काय आहे म्हणून विचारायचे. १९९३ मधे सीडी ब्रिटनच्या मेन अल्बम चार्टवर, म्हणजे पॉप-रॉकवाल्यांच्या मधे, सहाव्या नंबरला पोचली. अमेरिकेत क्लासिकल चार्टवर ३८ आठवडे पहिली. खप दहा लाखांच्या वर गेला, जिवंत कम्पोझरच्या सिम्फनीच्या बाबतीत हे अशक्य मानलं जायचं.

मग क्रिटिकची दुसरी फेरी सुरू झाली आणि ती मला पहिलीपेक्षा जास्त त्रास देते. आता म्हणणं असं की हे मार्केटिंग आहे, लोक फक्त नऊ मिनिटांचा मधला तुकडा ऐकतात, मागे लावून ठेवायचं म्युझिक आहे. तुकडा ऐकतात हे खरंच आहे, त्यात नुकसानही आहे, पहिल्या मूव्हमेंटच्या त्या चढणीनंतर दुसरी आली की तिचं वजन वेगळंच लागतं. पण लोकांनी अर्धं ऐकलं हा दोष म्युझिकवर का टाकायचा?

त्यात ‘होली मिनिमलिझम’, म्हणजे मोजक्या स्वरांचं धार्मिक वळणाचं म्युझिक, असं लेबल निघालं, एस्टोनियाचे आर्वो पार्ट, इंग्लंडचे जॉन टॅव्हनर आणि गुरेत्स्की तिघं एका डब्यात. तिघंही श्रद्धाळू, तिघंही संथ, संपलं. पार्ट यांची रचना घंटानादासारख्या तीन स्वरांभोवती कडक नियमानं बांधलेली असते, गुरेत्स्कींचं मूळ लोकगीतात आणि त्या जुन्या ‘स्कोंत्री’वाल्या आवाजाच्या ढिगांत, फक्त आता ते ढीग आदळत नाहीत, हळूहळू रचले जातात.

आणखी एक गैरसमज चिकटला तो म्हणजे ही ज्यूंच्या संहारावरची सिम्फनी आहे. गेस्टापोची कोठडी आहे त्यामुळे वाटणं साहजिक आहे, शिवाय टोनी पामरच्या १९९३ च्या फिल्ममधे छळछावण्यांची दृश्यं या संगीताबरोबर दाखवली गेली. पण गुरेत्स्कींनी हा अर्थ मानला नाही.

यशावर त्यांनी स्वार झालेलं मात्र दिसत नाही. तसलीच दुसरी लिहा म्हणणाऱ्यांना त्यांनी काही दिलं नाही. क्रोनोस क्वार्टेट या चार वादकांच्या ग्रुपसाठीचं तिसरं क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, १९९५ मधे लिहून झालं होतं, ते दहा वर्षं हातचं राखून २००५ मधे वाजू दिलं. २०१० मधे ते गेले तेव्हा चौथी सिम्फनी अर्धवट आराखड्यात होती, मुलगा मिकोवाय यांनी ती पूर्ण केली आणि एप्रिल २०१४ मधे लंडनला वाजली. तिसरीसारखं काहीतरी हळवं ऐकायला आलेल्यांच्या कानावर पूर्ण ऑर्केस्ट्राचे घणाघात पडले, मधे एकदम शांतता, परत घणाघात. क्रिटिकमधे पुन्हा दोन तट पडले. मी मात्र ती ऐकल्यावर लगेच जाऊन १९६० चं ‘स्कोंत्री’ लावलं, आणि तो पंचविशीतला मुलगा तिथे जसाच्या तसा भेटला.