नॉब फिरवला की नेमकं काय फिरतं?

जुना मेटल डिटेक्टर हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती खोल जातो? उत्तर निराश करणारं आहे. कॉइलपासून (यंत्राच्या टोकाच्या तारेच्या वेटोळ्यापासून) जरा लांब गेलं की अंतर दुप्पट झाल्यावर तिचं चुंबकीय क्षेत्र आठव्या हिश्श्यावर येतं. धातूकडून परत येणारं उत्तरही तसंच आठपट विरतं. म्हणजे एकूण ६४ पट घट. मग दूरवरचं सोनं दाखवणारी यंत्रं? ती काडी धरून पाणी शोधण्याच्याच जातीची. एडीई ६५१ नावाचं असंच एक 'स्फोटकशोधक' यंत्र इराकमध्ये तपासणी नाक्यांवर वापरलं जात होतं. त्यात बॅटरीसुद्धा नव्हती. विकणाऱ्याला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये १० वर्षांची कैद झाली.

तेव्हा खोली सोडा, नॉब बघा. यंत्राची पिढी त्यांवरून कळते.

बीएफओ (बीट फ्रीक्वेन्सी ऑसिलेटर) यंत्रात दोन ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक वारंवारतेची कंपनं निर्माण करणारी मंडलं असतात, एक डबीत आणि दुसरा शोधकॉइलला जोडलेला. दोघांच्या वारंवारतेतला फरक सूर म्हणून ऐकू येतो आणि धातू जवळ आला की तो बदलतो. नॉब जेमतेम दोन, ट्यूनिंग आणि आवाज. पण कॉइल उन्हात तापली तरी सूर सरकतो, त्यामुळे ट्यूनिंगशी सतत खेळावं लागतं.

टीआर (ट्रान्समिट-रिसीव्ह) यंत्रात एक कॉइल लहर पाठवते, दुसरी ऐकते. दोन्ही अशा बसवलेल्या की एरवी दुसरीला जवळपास काहीच ऐकू येऊ नये. कल्पना जुनीच. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला ग्रॅहम बेलने हेच तत्त्व वापरलं होतं. गोळी काही सापडली नाही.

टीआरचा शत्रू म्हणजे जमीन. मातीतलं मॅग्नेटाइट हे लोहखनिज इतका मोठा प्रतिसाद देतं की कॉइल बोटभर खाली-वर झाली तरी आवाज चढतो-उतरतो. १९७० च्या दशकातल्या व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रीक्वेन्सी) यंत्रांनी यावर 'ग्राउंड बॅलन्स' हा नॉब आणला. माझा सगळ्यात आवडता.

मॅग्नेटाइट पाठवलेल्या लहरीबरोबर जवळजवळ त्याच क्षणी डोलतं. धातूत मात्र आधी भोवरा प्रवाह, म्हणजे गोल गोल फिरणारे विद्युतप्रवाह, निर्माण व्हावे लागतात, म्हणून त्याचं उत्तर मागे पडतं. लहरीचं एक पूर्ण आवर्तन ३६० अंशांचं धरलं तर पातळ फॉइलचं साधारण ९० अंशांनी, जाड चांदीच्या नाण्याचं १८० अंशांच्या जवळ. आता झोका आठवा. तो मधल्या बिंदूवरून जातो त्याच क्षणी फोटो काढला, तर झोका लहान असो की मोठा, फोटोत तो मधेच दिसणार. ग्राउंड बॅलन्सचा नॉब हा फोटोचा क्षण सरकवतो. जमिनीचा झोका मध्यावर असताना मोजलं की जमीन शून्य, कितीही जोरदार असली तरी. त्याच क्षणी मागे रेंगाळणारा धातूचा झोका मध्यापासून दूर असतो, म्हणून तो दिसतो. नॉब लावताना कॉइल खाली-वर करायची आणि गुणगुण बदलेनाशी होईपर्यंत फिरवत राहायचं.

कचरा गाळणारा 'डिस्क्रिमिनेशन'चा नॉबही क्षणच सरकवतो, फक्त या वेळी शून्य करायचं असतं फॉइलला. अर्थात सोन्याची नाजूक अंगठी आणि डब्याची ॲल्युमिनियमची कडी साधारण सारख्याच मागे पडतात. कडी गाळली की अंगठीही गळते.

क्षण एकच, शून्य करायच्या गोष्टी दोन. म्हणून सुरुवातीच्या व्हीएलएफ यंत्रांवर खटका असायचा: एक तर जमीन गाळा, नाहीतर कचरा. पुढच्या 'मोशन' यंत्रांनी एकदम दोन क्षणी मोजायला सुरुवात केली. कॉइल झुलवताना जमीन सावकाश बदलते आणि नाणं झटकन येऊन जातं, त्या फरकावर जमीन वेगळी काढली. मात्र कॉइल थांबली की नाणंही गप्प. नेमकी जागा हेरायची तर त्यांनाही खटका दाबून जुन्या, स्थिर पद्धतीवर यावं लागतं.