दिवाळीचा किल्ला

दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी, बहुधा घरातल्या मोठ्यांना हाताशी घेऊन, अंगणात, वाड्याच्या चौकात, इमारतीच्या आवारात किंवा गॅलरीत दगडमातीचा छोटा गड उभारण्याची महाराष्ट्रातील प्रथा. पुणे, सातारा, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यात ती खोलवर रुजलेली आहे. मुंबई-ठाण्याच्या चाळी व सोसायट्यांमध्ये आणि बेळगावच्या मराठी वस्त्यांतही ती उत्साहाने पाळली जाते. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर संपला की मातीची शोधाशोध सुरू होते, वसुबारसेच्या आधीच डोंगर आकाराला येतो आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गडावर पणत्या लागतात. या बांधकामाला कोणताही विधी वा मुहूर्त लागत नाही. शिवछत्रपतींविषयीचा आदर आणि मुलांची हौस यांवरच ते चालते.

लहान मुलांच्या घरात करता येण्याजोग्या हस्तकामांमध्ये किल्ल्याचे स्थान वेगळे आहे, कारण त्यात प्रत्येक वयाला खरे काम मिळते. तीन-चार वर्षांचे मूल ढेकळे फोडते, माती चाळते, पाणी शिंपडते. सहा-सात वर्षांचे तट थापते आणि पायऱ्या कोरते. त्याहून मोठी मुले गडाचा आराखडा ठरवतात. साहित्यही बहुतेक घरचेच किंवा आसपास मिळणारे असते : दगड, विटांचे तुकडे, माती, जुने गोणपाट, एखादे घमेले. मोठ्यांचे काम दगड रचून देणे आणि नंतर शक्य तितके बाजूला राहणे हे आहे. बुरूज जरा वाकडा झाला म्हणून तो बापाने किंवा आजोबांनी मोडून नव्याने बांधू नये, कारण मग मूल पाहत उभे राहते आणि किल्ला मोठ्यांचा होतो.

बांधणीची रीत साधारण अशी. आधी मोठे दगड व विटा रचून डोंगराचा सांगाडा करतात आणि उंच भाग मागे, भिंतीकडे ठेवतात. त्यावर पातळ चिखलात बुडवून काढलेले गोणपाट अंथरतात. ते दगडांच्या खाचांत बसते, त्याला आपोआप सुरकुत्या पडतात आणि त्यांतूनच सोंडा व घळी तयार होतात. वरून घट्ट मळलेल्या मातीचा लेप देतात. तो एकदम जाड दिला तर वाळताना तडकतो. म्हणून पातळ थर देऊन, तो जरा सुकल्यावर दुसरा चढवणे चांगले. मातीत बारीक चिरलेले गवत किंवा लाकडाचा भुसा मिसळल्यानेही भेगा कमी पडतात. बुरुजांसाठी पेल्याला आतून कोरडी राख किंवा बारीक वाळू लावून त्यात ओलसर माती दाबून भरतात आणि पेला उपडा करतात. राखेमुळे माती भांड्याला चिकटत नाही व गोल बुरूज अखंड निघतो. पायऱ्या पट्टीच्या कडेने किंवा काडेपेटी दाबून उमटवतात. तळ्यासाठी उथळ डबा मातीत कडेपर्यंत पुरतात. कारंजे हवे असेल तर सलाईनची नळी वापरण्याची युक्ती घरोघर चालते : पाण्याची बाटली उंच टांगून नळी मातीखालून तळ्यात काढायची. बाटली आणि नळीचे तोंड यांच्या उंचीत जितका फरक, तितकी धार वर उडते, आणि बाटली वरखाली करून पाहणाऱ्या मुलाला पाण्याचा दाब पुस्तकाआधीच कळतो.

डोंगरावरची हिरवळ हा मुलांना सर्वांत प्रिय भाग. त्यासाठी हळीव किंवा मोहरी पेरतात. हळीव भिजताच प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होते आणि त्यामुळे दाणे उभ्या उतारावरही चिकटून राहतात. मोहरी मात्र अशा जागी घरंगळते, म्हणून ती सपाटीवर टाकावी. मुळे गोणपाटाच्या विणीत शिरतात. पेरणी लक्ष्मीपूजनाच्या पाच-सहा दिवस आधी व्हावी लागते, आणि पाणी तांब्याने न ओतता हाताने शिंपडावे किंवा फवाऱ्याने मारावे, नाहीतर बी आणि माती दोन्ही वाहून पायथ्याशी येतात. दिवसातून दोन-तीनदा पाणी मारण्याचे काम घरातल्या सर्वांत धाकट्याकडे द्यावे. कोंब कधी दिसतात याची वाट पाहण्यात ते मूल गुंतून जाते.

किल्ल्यावर ठेवण्याच्या लहान मूर्तींना ‘चित्रे’ म्हणतात. पूर्वी ती कुंभारांकडून मातीचीच येत. आता प्लॅस्टर व प्लॅस्टिकची अधिक दिसतात. माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज, दारावर भालदार-चोपदार, तटावर मावळे आणि तोफा, पायथ्याच्या गावात गवळण, वाणी, शेतकरी आणि बैलगाडी अशी मांडणी ठरून गेलेली आहे. चित्रांची मापे जुळत नाहीत, महाराज महादरवाजापेक्षा उंच असतात आणि जंगलातला वाघ हत्तीएवढा असतो. लहान मुलांच्या किल्ल्यात हे तसेच राहू द्यावे.

मूल आठ-नऊ वर्षांचे झाले की काल्पनिक गडाऐवजी एखाद्या खऱ्या गडाची प्रतिकृती करण्याकडे वळवता येते, आणि या प्रथेचे खरे शैक्षणिक बळ तिथे आहे. राजगड करायचा तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या (माथ्याखालचे तटबंदीचे सपाट भाग) आणि मधला बालेकिल्ला दाखवावा लागतो, आणि माची म्हणजे काय हे हाताने थापल्यावर पक्के होते. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा लपवलेला आहे की चालून येणाऱ्याला तो समोरून दिसत नाही. मातीत ती वळणाची वाट काढताना मुलाला शत्रूच्या जागी उभे राहून पाहावे लागते. लोहगडाचा लांबट विंचूकाटा, म्हणजे विंचवाच्या नांगीसारखी दिसणारी डोंगराची सोंड, कोणालाही ओळखता येतो, म्हणून पहिल्या प्रतिकृतीसाठी तो सोयीचा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत हे तिन्ही गड आहेत. अकरा किल्ले महाराष्ट्रातले असून बारावा तमिळनाडूतील जिंजी आहे. शक्य असेल तर आधी गड पाहून यावे आणि मग बांधावा.

बाजारात प्लॅस्टरचे रंगवलेले तयार किल्ले मिळू लागले आहेत. जागेची अडचण खरी असली तरी त्यांत मुलाला चित्रे मांडण्यापलीकडे काही उरत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी दोन फूट लांबी-रुंदीच्या प्लायवूडवर किंवा जुन्या मोठ्या ट्रेमध्ये, खाली प्लॅस्टिक अंथरून, घरचा किल्ला सहज होतो. माती मिळत नसेल तर खोकी रचून त्यांवर गव्हाच्या पिठाच्या खळीने वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवाव्यात आणि वाळल्यावर गेरूने रंगवाव्यात. हा किल्ला हलका असतो आणि पुढच्या वर्षीही वापरता येतो, फक्त त्यावर हळीव उगवत नाही.

माती बाहेरून आणली असेल तर ती मोठ्यांनी आधी चाळून काचा व खिळे काढावेत. पणत्या उघड्या, वाळलेल्या गोणपाटापासून दूर, सपाट जागी ठेवाव्यात. शेवटी किल्ल्यात फटाके पुरून तो उडवण्याची खोड अनेक ठिकाणी आहे; दगड आणि मातीचे खडे डोळ्यांत उडत असल्याने ती मोडून काढली पाहिजे. तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवून नंतर तो हाताने उतरवतात. भुसा व गवत मिसळलेली माती कुंड्यांना चालते, गोणपाट वाळवून ठेवतात आणि चित्रे कागदात गुंडाळून पुढच्या दिवाळीसाठी डब्यात जातात.